चिरंजीवांचा चाकू

गेल्या ऑक्टोबरात चिरंजीवांच्या शाळेतून एक यादी आली. डिसेंबरात स्काउटचं तीन दिवसांचं शिबिर, त्याला न्यायचं सामान. सतरंजी, पांघरूण, ताट-वाटी-पेला, टॉर्च, पंधरा फूट सुती दोरी... आणि अगदी तळाशी, "चाकू (लहान) – १. पालकांच्या जबाबदारीवर."

बायकोनं यादीतलं बाकी सगळं अर्ध्या तासात मार्गी लावलं आणि त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे तुझं. तू होतास ना स्काउटमधे? आणि माझं मत विचारशील तर अकरा वर्षांच्या पोराच्या हातात चाकू द्यायचाच नसतो."

मत मी विचारलं नव्हतं, पण ते मिळालं. असो.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला कुठलीही वस्तू घ्यायला सांगा, तो आधी एक्सेल उघडतो. फ्रीज घेताना माझ्या शीटमधे चौदा कॉलम होते. चाकूचे बावीस झाले. पात्याची लांबी, जाडी, पोलादाची जात, मुठीचं लाकूड, वजन, किंमत, आणि प्रत्येकाला वेटेज. दोन रात्री जागून मी त्या विषयातला तज्ज्ञ झालो, म्हणजे ज्याला एकही चाकू नीट चालवता येत नाही असा तज्ज्ञ.

पण वाचलेलं काही अगदीच वाया गेलं नाही. तुमच्याही घरी कधीतरी अशी यादी येईल, म्हणून थोडक्यात सांगतो.

लहान चाकू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तो लाल, स्विस चाकू येतो. व्हिक्टोरिनॉक्सचा. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिरानं १८८४ मधे कारखाना सुरू केला आणि १८९७ मधे या चाकूची नोंदणी केली. त्यात पातं, स्क्रू-ड्रायव्हर, डबा फोडायची अवजारं असं सगळं घडी घालून बसवलेलं असतं. दुसरा फ्रान्सचा ओपिनेल, १८९० पासूनचा. लाकडाची मूठ, एक पातं, बस्स. १९५५ मधे त्यांनी मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी बसवली. पातं उघडून कडी फिरवली की ते मिटत नाही. आणि तिसरे स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू. ते मिटतच नाहीत, म्यानात राहतात.

हा मिटण्याचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. साध्या मिटणाऱ्या चाकूचं पातं उघडं राहतं ते पाठीतल्या स्प्रिंगच्या जोरावर. धारेनं कापताना काही होत नाही, पातं उलट उघडायच्याच बाजूला ढकललं जातं. पण टोक लाकडात रुतवून रेटलं, किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला, की स्प्रिंग हरते आणि पातं मिटतं. मिटताना त्याच्या वाटेत आपली बोटं असतात.

हे मला इंटरनेटवर वाचून कळलं असं मी बायकोला सांगितलं. ते खरं नव्हतं. मला ते १९८९ पासून माहीत होतं.

*

वडील सरकारी नोकरीत होते आणि १९८५ मधे त्यांची बदली सुरगाण्याला झाली. नाशिकच्या नोकरदारांमधे तेव्हा सुरगाणा म्हणजे काळं पाणी. जिल्ह्याचं वायव्येचं टोक, पलीकडे गुजरात. डोंगर, घाट, पावसाळ्यात चार महिने धुकं आणि चिखल, आणि वस्ती बहुतेक सगळी कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासींची. आईनं बदलीची ऑर्डर पाहून दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं होतं. मला मात्र आठ दिवसांत ते गाव आवडलं, कारण बाकावर शेजारी जो बसला तो पुढची सहा वर्षं माझा दोस्त झाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्याला आवडणार नाही. दोस्तच म्हणतो.

दोस्त कोकणा. घर गावापासून तीन किलोमीटरवरच्या पाड्यावर. तिकडे बाप्ये रानात निघाले की कमरेच्या मागे कोयता अडकवलेला असायचा, आपण पेन खिशाला लावतो तितक्या सहज. दोस्त दहा वर्षांचा असल्यापासून कोयत्यानं बांबू फोडायचा. चार घावांत खुंटी तयार करायचा, पाचवा घाव लागलेला मी पाहिला नाही.

आमच्या शाळेत स्काउट होतं. खाकी कपडे, गळ्यात स्कार्फ, डाव्या हातानं हस्तांदोलन, आणि "तयार!" अशी आरोळी. गाठी मारायच्या, स्ट्रेचर करायचं, वाटेवरच्या खुणा ओळखायच्या. मी शहरातून आलेला, मला या सगळ्याचं अप्रूप. दोस्ताला त्यात नवं काहीच नव्हतं. बेडन-पॉवेलनं १९०८ मधे पुस्तक लिहून इंग्रज पोरांना जे शिकवायला घेतलं, त्यातलं बरंचसं त्याच्या आजीला येत होतं. तो स्काउटमधे आला होता तो शिबिरात संध्याकाळी शिरा मिळतो म्हणून.

त्या वर्षीच्या चैत्रात आम्ही सप्तशृंगी गडावर यात्रेला गेलो होतो. तिथे मी बारा रुपयांना एक मिटणारा चाकू घेतला. चकचकीत. त्याला चमचा होता, बाटली उघडायचा आकडा होता, मुठीवर मोराचं चित्र होतं. हिवाळ्यात हातगडाच्या पायथ्याशी आमचं शिबिर लागलं. मुलांनी चाकू आणायचा नाही असं सरांनी बजावलं होतं. मी मोज्यात घालून नेला.

दुपारी तंबूच्या खुंट्या करायच्या होत्या. दोस्त सरांच्या कोयत्यानं खुंट्या तासत होता आणि मला त्याला माझा चाकू दाखवल्याशिवाय राहवेना. तंबूच्या मागे नेऊन दाखवला. त्याला काही तो फारसा आवडला नाही. मी म्हटलं, "चालवून तर बघ." मीच म्हटलं. खुंटीच्या डोक्याला दोरी अडकवायला खाच पाडायची होती. त्यानं टोक लाकडात रुतवलं आणि रेटलं, घरच्या सुरीनं रोज रेटायचा तसं. घरची सुरी मिटणारी नव्हती.

आवाज काही झाला नाही. चाकू मिटलेला आणि त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आत.

स्कार्फनं बांधून त्याला जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले. जखम भरली, पण आतली नस, म्हणजे डॉक्टर ज्याला टेंडन म्हणतात ती, तुटली होती. बोट वाकायचं बंद झालं. आजही त्यानं मूठ वळली की ते एक बोट सरळच राहतं, कुठेतरी काहीतरी दाखवत असल्यासारखं.

त्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, "चाकू कोणाचा?" मी खाली बघत राहिलो. दवाखान्यातून परत आल्यावर दोस्ताला विचारलं तर तो म्हणाला, "सापडला." चोरून आणलास आणि वर खोटं बोलतोस म्हणून त्याला शिबिरातून घरी पाठवलं, आणि पुढच्या वर्षी स्काउटच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मी तो चाकू शाळेमागच्या विहिरीत टाकला. १९९१ मधे वडिलांची बदली झाली आणि आम्ही सुरगाणा सोडलं.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. बायकोला सुद्धा नाही.

*

मधे एकदा मला या प्रकाराची दुसरी बाजू दिसली होती. २००६ च्या सुमारास मी न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. शेजारच्या मराठी कुटुंबातला मुलगा तिथल्या बॉय स्काउट्समधे जायचा. त्याच्याजवळ एक कार्ड होतं, "टोटिन चिप" नावाचं. चाकू आणि कुऱ्हाडीचे नियम शिकून, वापरून दाखवल्याशिवाय ते मिळत नाही, आणि ते नसेल तर चाकू बाळगायला परवानगी नाही. एखादा नियम मोडला की कार्डाचा एक कोपरा कापून टाकायची तिथे बऱ्याच ठिकाणी रीत आहे. या पठ्ठ्याचे दोन कोपरे गेले होते. मला त्यानं चाकू देताना मूठ पुढे केली आणि मी "घेतला" म्हणेपर्यंत सोडला नाही. मी हसलो होतो. रात्री झोप लागली नाही.

आता एवढ्या वर्षांनी माझ्याच घरात "पालकांच्या जबाबदारीवर" असा कागद आला होता. एक्सेल शीटचे बावीस कॉलम भरून झाले, पण निर्णय होईना. शेवटी तीन चाकू मागवले, आणि दिवाळीनंतरच्या एका शनिवारी पहाटे चिरंजीवांना गाडीत घातलं आणि निघालो. दोस्ताचा फोन नंबर २०१२ मधे एका जुन्या वर्गमित्राकडून मिळाला होता. वर्षातून दोनदा बोलायचो, दसरा आणि होळी. गेलो मात्र कधीच नव्हतो.

नाशिक सोडलं की दिंडोरी, मग वणी. उजवीकडे सप्तशृंगीचा डोंगर सोबत येतो. पुढे बोरगावला सापुताऱ्याचा रस्ता सरळ जातो आणि सुरगाण्याचा फुटतो. हिवाळ्यात या भागात हल्ली रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या घेऊन बायका बसतात. आमच्या वेळी इथे स्ट्रॉबेरी फक्त इंग्रजीच्या पुस्तकात होती. आम्ही गेलो तेव्हा तोडणी सुरू व्हायची होती. भाताची कापणी उरकत आली होती आणि खळ्यावर नागली येऊन पडली होती.

दोस्त दारात उभा होता. केस पिकलेत, बाकी तोच. "पोराला घेऊन आलास, बरं केलं," म्हणाला. हात पुढे केला. डावा.

चहा झाल्यावर मी पिशवीतून तिन्ही चाकू काढून खाटेवर मांडले आणि माझं प्रेझेंटेशन सुरू केलं. त्यानं ते दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग पहिला चाकू उचलला. हा जंगलात जीव वाचवायचा चाकू, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, आत काडेपेटी आणि मासे धरायचा गळ. त्यानं मूठ दाराच्या चौकटीवर आपटून ऐकली. "पोकळ आहे. पातं मुठीत किती गेलंय? दोन बोटं. जोर लावला की निघेल." बाजूला ठेवला. करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवून हसला, एवढंच.

दुसरा लाल. हा त्याला आवडला. फिरवून फिरवून पाहिला, धार अंगठ्यावर आडवी तपासली. मग अंगणातल्या ओंडक्याशी गेला, बोटं बाजूला ठेवली, टोक लाकडात रुतवलं आणि हलकेच रेटलं. पातं मिटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तोच आहे," म्हणाला.

चाकूचा काही दोष नव्हता, हे मुद्दाम सांगतो. तो उत्तम चाकू आहे आणि कापायच्या कामाला वर्षानुवर्षं टिकतो. पण रुतवून रेटायचं काम त्याचं नाही, आणि अकरा वर्षांचं पोर हातात पातं आलं की पहिल्यांदा तेच करून बघतं.

तिसरा कडीवाला, बोथट गोल टोकाचा, मुलांसाठीच केलेला. दोस्तानं कडी दहादा फिरवली आणि चिरंजीवांना दिला. त्यांना ती फिरवता फिरवता ओठ चावावा लागला. "शिकेल," दोस्त म्हणाला, "पण लाकडाची मूठ आहे, पावसात फुगणार. मग पातं आतच अडकून बसेल. नि घाईत कडी लावायची राहिली तर पुन्हा तेच."

मग तो आत गेला आणि घरातली एक सुरी घेऊन आला. चार बोटं पातं, सागाची मूठ, मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं लोखंड आणि दोन खिळे. गावातल्या लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानीच्या पट्टीतून केलेली. म्यान म्हणजे चामड्याचा तुकडा शिवलेला. पातं काळपट, धारेची कड तेवढी चांदीसारखी.

कमानीची पट्टी म्हणजे आपलं स्प्रिंगचं पोलाद. लोहार ते लाल तापवून झोडतो, आकार आला की पुन्हा तापवून विझवतो. याला पाणी पाजणं म्हणतात. नुसतं विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर शेकतात. जास्त शेकलं की मऊ पडून धार वळते. कुठल्या रंगावर थांबायचं ते लोहाराच्या डोळ्यात असतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या कारखान्यातही हेच करतात, फक्त तिथे डोळ्याऐवजी भट्टीला थर्मामीटर असतो. आणि साध्या पोलादाला गंज धरतो, तर स्टेनलेसला सहसा धरत नाही. ज्याला गंज धरतो त्याला पुसून तेलाचं बोट लावायची सवय लागते, ही मला मुलांच्या बाबतीत उणी नाही, जमेची बाजू वाटते.

"मग हा देऊ?" मी विचारलं.

"आधी त्याला बसता येतं का बघू," दोस्त म्हणाला.

*

शिकवायला तो स्वतः बसला नाही. त्यानं लेकीला हाक मारली. लेक दहा वर्षांची, बांधावर विळ्यानं गवत कापत होती. दातऱ्याच्या विळ्यानं एका मुठीत जेवढं येईल तेवढं धरायचं आणि आपल्याकडे ओढून कापायचं, धरलेला हात नेहमी वर. मी ते बघून डोळे मिटून घेतले, तिनं मात्र आमच्याकडे बघत बघत दोन मुठी कापल्या.

चिरंजीवांना तिनं दगडावर बसवलं आणि हातात सुरी नाही, तेवढ्याच लांबीची काटकी दिली. "हात पसर. गोल फिरव. कोणाला लागतो का?" काटकी तिच्या फ्रॉकला लागली तशी ती दोन पावलं मागे सरली. मग कोपरं गुडघ्यांवर टेकवायला लावली, म्हणजे पातं सटकलं तरी पुढे हवेत जाईल, मांडीत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते, तिथे लागलं तर निभावणं कठीण. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिनं वाचलं नव्हतं, तिला बापानं बसायला तसं शिकवलं होतं. अर्धा तास चिरंजीव काटकीनं काटकी तासत होते आणि एका मुलीकडून, त्यातही एका वर्षानं लहान मुलीकडून, बोलणी खात होते. शहरातला सगळा तोरा उतरला.

मग सुरी आली. ओल्या बांबूची साल काढायची, स्वतःपासून लांब, पातळ. पाच मिनिटं ठीक चाललं, आणि मग डाव्या अंगठ्याला लागलं.

मी उठलोच. गाडीत फर्स्ट एडचा डबा होता. "बस," दोस्त म्हणाला. लेकीनं पोराचा हात पाण्याखाली धरला, स्वच्छ फडकं गुंडाळलं, दाबून धरायला लावलं आणि हात वर करायला सांगितलं. पाच मिनिटांत रक्त थांबलं. अगदी लहान काप होता. धारदार सुरीनं झालेला, त्यामुळे कडा साफ. बोथट पातं जास्त जोर मागतं, जास्त जोरानं सटकतं, आणि जखम ओबडधोबड करतं. लहान मुलाला मुद्दाम बोथट चाकू देणारे आईबाप (मीही देणार होतो) इथेच चुकतात.

"आता पुन्हा घे," दोस्त चिरंजीवांना म्हणाला. पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी मान हलवली. त्यानं सुरी उचलली.

मला वाटलं, वा, आदिवासी मुलं कशी लहानपणापासून तयार असतात, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. दोस्त वैतागला. "कसली तयार? इथं पोरांना हत्यार कोण देतं? काम देतात. गवत काप म्हटलं की विळा आलाच. हिच्या पायाला दोन खुणा आहेत, बघ. कापणीला चार दिवस शाळा बुडाली. मला काय हौस आहे?" मग जरा थांबून म्हणाला, "तिला पुढच्या वर्षी लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घेऊ ते तू सांग." मी सवयीनं विचारलं, "तिला त्यावर काय काम करायचंय?" आणि आम्ही दोघंही हसलो.

रात्री चुलीपाशी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजिंग खाताना चिरंजीवांनी विचारलंच. "काका, तुमचं हे बोट सरळ का राहतं?"

दोस्तानं भाकरीचा तुकडा मोडला आणि काही बोलला नाही. त्यानं "लहानपणी कापलं" म्हटलं असतं तर विषय संपला असता. तो थांबला होता.

मग मी सांगितलं. मोरवाला चाकू, मोजा, तंबूच्या मागे, "चालवून तर बघ", रांगेत खाली बघत उभा राहिलेलो, सगळं. मुलाच्या तोंडाकडे न बघता सांगितलं. शेवटी दोस्ताला म्हटलं, "तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"हां, हवं होतं," तो म्हणाला. त्यानं ते उडवून लावलं नाही, याचं मला बरं वाटलं. मग म्हणाला, "बोटाचं मला काही नाही वाटलं. चाकू मिटला, त्याला तू काय करणार? तू नंतर दोन महिने बाक बदलून बसलास. त्याचा राग आला होता."

हे मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. सगळं आठवत होतं, चाकूवरचा मोर सुद्धा, आणि बाक बदलल्याचं तेवढं साफ पुसलं गेलं होतं.

*

रविवारी सकाळी लोहाराकडे गेलो. तशीच सुरी, पातं थोडं आखूड, टोक गोल. दोनशे रुपये. चिरंजीवांनी मुठीला लाल रंग द्यायला लावला. तो हट्ट नव्हता. गवतात पडली तर दिसावी म्हणून, असं त्यांना त्यांच्या गुरू बाईंनी सांगितलं होतं.

तर आता, ज्यांना नुसती यादी हवी होती आणि इथवर नाइलाजानं वाचत आले, त्यांच्यासाठी.

१. पहिला चाकू न मिटणारा, म्यानातला घ्या. मिटणाराच हवा असेल तर पातं पक्कं अडकणारा घ्या, आणि ती कडी किंवा खटका मुलानं आपल्या बोटांनी लावून-सोडून दाखवला पाहिजे, तुम्ही नाही. काही खटक्यांना मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत घालावा लागतो. ते लहान मुलांना नकोत.

२. पातं मुलाच्या तळहाताच्या रुंदीएवढं, फार तर ८ सेंटीमीटर. टोक गोल चालेल. स्काउटला भोसकायचं काही नसतं.

३. मूठ मुलाच्या मुठीत बसणारी, ओल्या हातातून न घसरणारी. पातं मुठीत किती खोल गेलंय ते विचारा. करवत, होकायंत्र, गळ वगैरे असलेला चाकू दुकानातच राहू द्या.

४. धार चांगली हवी, आणि चाकूबरोबर धार लावायचा दगडही घ्या. पाजवायला शिकलेलं मूल चाकू आपोआप जपून वापरतं.

५. कायदाही पाहून ठेवा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रांत येतं, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामाचं सोडून. आपला चाकू त्याच्या कितीतरी खाली आहे. तरी प्रवासात तो म्यानात, सॅकच्या तळाशी. विमानात केबिन बॅगेत चालत नाही. आणि शाळेला, सरांना आधी सांगून. मोज्यात घालून नाही.

६. चाकू देण्याआधी मुलाबरोबर किमान दोन रविवार बसा. तुम्हाला येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे जा.

चिरंजीवांच्या सरांना मी फोन केला. त्यांनी चाकू कुठल्या कंपनीचा हे विचारलं नाही. "त्याला वापरता येतो का? आणि लागलं तर काय करायचं ते माहीत आहे का?" एवढंच विचारलं. चाकू शिबिरात त्यांच्या पेटीत राहतात, कामाच्या वेळेला हातात मिळतात.

शिबिर झालं. तीन दिवसांत सुरी किती वापरली असं मी उत्सुकतेनं विचारलं. "एकदा. दोरी कापली." बावीस कॉलम, सातशे किलोमीटर, आणि एक दोरी! पण हल्ली रविवारी घरात टोमॅटो आणि काकडी तेच कापतात, कोपरं ओट्याला टेकवून. बायको सुरुवातीला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, आता राहत नाही. सुरगाण्याची ती जुनी गोष्ट मी तिलाही सांगितली. ती म्हणाली, "पोराला आधी कळली आणि मला नंतर?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या आठवड्यात सुरीचा आणि कापलेल्या टोमॅटोचा फोटो दोस्ताला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"टोमॅटो चेंगरलाय. पाजवायला सांग पोराला."